व्हॅम्पायर कसा बदलत गेला, हे सहा शनिवारांत कसं पाहायचं

पडद्यावरचा व्हॅम्पायर शंभर वर्षांत कसकसा बदलला, हे नुसतं वाचून हाती लागत नाही. नावं आणि सालं पाठ होतात, एवढंच. सिनेमे क्रमाने लावले आणि ठरावीक जागी थांबून पाहिले, की तो बदल डोळ्यांना दिसायला लागतो. त्यासाठी घरातला हॉल, ४३ ते ५५ इंची टीव्ही, सहा-आठ माणसं, एक वही आणि सहा शनिवार पुरतात. खालची आखणी ठाण्या-नवी मुंबईतल्या वन किंवा टू बीएचके घराला धरून केलेली आहे.

वहीत दर सिनेमाला एक पान द्या आणि पानावर चार रकाने आखा: प्रवेश, चावा, अंत, बंदी. तो पहिल्यांदा समोर कसा येतो, चावताना नेमकं काय दाखवलंय, मरतो कसा, आणि त्याला कशाची बंदी आहे: ऊन, क्रूस, लसूण की उंबरठा. गोष्टीतली प्रेमप्रकरणं आणि किल्ले बाजूला ठेवा. या चार जागी दिग्दर्शकाला ठरवावंच लागतं की काय दाखवायचं आणि काय झाकायचं. त्या काळचा कॅमेरा, त्या काळचा सेन्सॉर आणि त्या काळचा प्रेक्षक इथेच उघडे पडतात.

केव्हा आणि कुठे

दिवाळी आटोपली की सुरू करा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ठाण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे साडेसातला खोली पूर्ण काळोखी होते. जूनमध्ये सूर्यास्तच सव्वासातला असतो. शिवाय पावसाळ्यात खिडकीवरच्या पत्र्यावर सर कोसळायला लागली, की १९३१ सालच्या सिनेमातले हळू आवाजातले संवाद ऐकूच येत नाहीत. आवाज वाढवावा तर जुन्या ध्वनिपट्टीची खरखरही वाढते.

काळोख ही या मालिकेची पहिली गरज आहे. घोडबंदर रोडकडे किंवा पाम बीच रोडकडे तोंड असलेल्या हॉलमध्ये रस्त्यावरचे दिवे आणि होर्डिंगचा उजेड रात्रभर आत येतो. नेहमीचे पडदे तो अडवू शकत नाहीत. जाड काळं कापड खिडकीच्या चौकटीपेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठं कापून घ्या आणि पडद्याच्या दांडीला क्लिपांनी लावा. कापड काचेला चिकटवू नका, कडेने उजेड झिरपतो. राऊटर, सेट टॉप बॉक्स आणि इन्व्हर्टरचे दिवेही काळ्या चिकटपट्टीने झाका. सगळं झाल्यावर दिवे घालवून पाच मिनिटं बसा आणि हाताची बोटं मोजून पाहा. सहज मोजता आली, तर अजून कुठूनतरी उजेड येतोय.

टीव्ही ‘व्हिविड’वरून काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर टाका. हालचाल गुळगुळीत करणारी सोय (मोशन स्मूदिंग, ट्रूमोशन, मोशनफ्लो अशी तिची वेगवेगळी नावं असतात) पूर्ण बंद करा. ती चालू राहिली तर १९२२ सालचा सिनेमाही दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. तिसरी गोष्ट म्हणजे चित्राचा आकार. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी आहेत आणि डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे यायलाच हवेत. कुणीतरी ‘स्क्रीन भरत नाही’ म्हणून चित्र ताणतं आणि सगळे चेहरे फुगतात. पडद्यावर चंद्र किंवा ताटली दिसली, की ती गोल आहे ना, एवढं बघा.

पहिला शनिवार: १९२२

सुरुवात दिग्दर्शक मुर्नाऊच्या जर्मन ‘नोस्फेराटू’ने करा, आणि तयारीला सर्वांत जास्त वेळ इथेच द्या. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर हा परवानगी न घेता बेतला होता. नावं बदलली, ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक झाला. तरी स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या आणि सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला. बाहेर गेलेल्या प्रती वाचल्या म्हणून सिनेमा वाचला. याच कारणाने आज याच्या बऱ्या-वाईट अनेक प्रती फिरत असतात, आणि चुकीची प्रत तुम्हाला चुकीचीच गोष्ट सांगते.

प्रत निवडताना दोन गोष्टी तपासा. पहिली, रंग. हा सिनेमा त्या काळी निव्वळ काळा-पांढरा दाखवला जात नसे. रात्रीचे प्रसंग निळ्या रंगात, घरातले उजेडाचे प्रसंग पिवळसर रंगात बुडवलेले असत. त्या वेळच्या फिल्मवर रात्री चित्रण होणं अवघड, म्हणून रात्रीचे प्रसंग भर दिवसा घेतले आणि निळ्या रंगाने त्यांची रात्र केली. आता ऑरलॉक स्वतःची शवपेटी काखेत धरून गावातून चालतो तो प्रसंग पाहा. रंग नसलेल्या प्रतीत तो लख्ख उन्हात चालताना दिसतो, आणि शेवटी त्याच उन्हाने मरतो. पाहणारे गोंधळतात आणि दोष मुर्नाऊला देतात. निळ्या रंगाची, जीर्णोद्धार केलेली प्रत घेतली की हा गोंधळ उरत नाही.

दुसरी गोष्ट, वेग. नीट प्रत सुमारे दीड तासाची, साधारण ९४ मिनिटांची असते. तुमच्याकडची तासाभरात संपत असेल आणि माणसं तुरुतुरु पळत असतील, तर सेकंदाला १८ चित्रांच्या चालीचा सिनेमा २४ ने चालतोय. प्लेअरमध्ये वेग ०.७५ करा, बरोबर १८ होतात. आवाज मात्र बंद करावा लागेल, कारण संगीतही रेंगाळतं.

प्रवेशाच्या रकान्यात लिहा: कमानीच्या काळोखातून सावकाश पुढे येणारी आकृती. दात जवळून पाहा. हे सुळे नव्हेत, पुढचे दोन दात लांबलेत, उंदरासारखे. हा व्हॅम्पायर उंदीर आणि प्लेग घेऊन येतो, हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं आहे. चाव्यापेक्षा सावली जास्त काम करते: जिन्यावरून वर सरकणारी, आणि मग नायिका एलेनच्या छातीवर मूठ आवळणारी. शेवटी कोंबडा आरवतो, ऑरलॉक खिडकीकडे वळतो, छातीवर हात नेतो आणि विरून जातो. कोंबडा आरवला की भुतं पळतात हे कोकणातल्या घराघरात ठाऊक आहे, त्यामुळे हा शेवट आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

‘बंदी’च्या रकान्यात ‘ऊन: मृत्यू’ असं ठळक लिहून ठेवा. स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये हिंडतो. उन्हात त्याची शक्ती तेवढी कमी होते, तो मरत नाही. उन्हाने मरणं ही १९२२ सालच्या पडद्याची देणगी आहे. पाचव्या शनिवारी हे वाक्य लागणार आहे.

दुसरा शनिवार: १९३१

टॉड ब्राउनिंगचा ‘ड्रॅक्युला’, मुख्य भूमिकेत बेला लुगोसी. ७५ मिनिटांचा. सुरू करण्याआधी पंखा मंद करा आणि सगळ्यांना सांगून ठेवा, की या सिनेमात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. नावं दिसत असताना ‘स्वान लेक’मधली धून येते आणि पुढे नाट्यगृहाच्या प्रसंगात थोडं संगीत आहे, बाकी शांतता. बोलपट नुकते आले होते, आणि वाजवणारं कुणी दिसत नसताना संगीत कुठून आलं असा प्रश्न प्रेक्षकाला पडेल, असं तेव्हा वाटे. ही कल्पना आधी दिली नाही तर विसाव्या मिनिटाला मोबाइल बाहेर निघतात. १९९० च्या दशकात फिलिप ग्लास यांनी याला नवं संगीत दिलं, तो ध्वनिपर्यायही काही डिस्कवर मिळतो. पहिल्या खेपेला तो लावू नका.

प्रवेश दोनदा पाहा. तळघरात शवपेटीचं झाकण किलकिलं होतं, बोटं बाहेर येतात, आणि कॅमेरा दुसरीकडे वळतो. परत येतो तोवर तो उभा आहे. पुढे जिन्यावर कोळ्याचं प्रचंड जाळं आहे. ड्रॅक्युला पलीकडे गेलाय आणि जाळं जसंच्या तसं आहे. मागून येणाऱ्या पाहुण्याला, रेनफील्डला मात्र ते काठीने फाडावं लागतं. कसलीही यांत्रिक करामत नाही, कॅमेरा नेमक्या क्षणी दुसरीकडे बघतो, बस. इथे रिमोट हातात ठेवा आणि तो तुकडा मागे नेऊन सावकाश दाखवा.

सुळे? एकदाही दिसत नाहीत. अनेकांचा यावर विश्वास बसत नाही, म्हणून सिनेमा चालू असतानाच पैज लावायला हरकत नाही. चावाही नाही, तो मानेशी वाकतो आणि दृश्य संपतं. मृत्यूही पडद्याबाहेर, फक्त कण्हणं ऐकू येतं. सगळी भीती डोळ्यांवर आहे, आणि त्यासाठी डोळ्यांवर बारीक प्रकाशझोत टाकलेले आहेत. नीट पाहिलं तर एखाद्या ठिकाणी झोत डोळ्यांवरून किंचित घसरलेलाही दिसतो.

झग्याची उभी कॉलर कुठून आली, हे गडकरी रंगायतनला नियमित नाटकं पाहणाऱ्यांना लगेच पटेल. १९२४ साली हॅमिल्टन डीन यांनी इंग्लंडमध्ये ‘ड्रॅक्युला’चं नाटक केलं. त्यात ड्रॅक्युला प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राही, उंच कॉलरमागे डोकं झाकलं जाई आणि नट झग्यातून निसटून रंगमंचाखाली जाई. रिकामा झगा तेवढा मागे राही. लुगोसी १९२७ मध्ये ब्रॉडवेवर हीच भूमिका करून सिनेमात आला आणि कॉलर सोबत आली. आज बर्थडे पार्टीतला ड्रॅक्युलाही ती घालतो, पण ती मुळात रंगमंचावरची गरज होती.

वेळ उरला तर त्याच सेटवर रात्रपाळीत चित्रित झालेला स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ काढा आणि जिन्याच्या प्रसंगाची फक्त दहा मिनिटं लावा. तिथे कॅमेरा जास्त मोकळा फिरतो. मात्र लुगोसीची जागा भरून निघत नाही.

तिसरा शनिवार: १९५८

टेरेन्स फिशरचा, हॅमर या ब्रिटिश कंपनीचा ‘ड्रॅक्युला’. अमेरिकेत तो ‘हॉरर ऑफ ड्रॅक्युला’ नावाने गेला, शोधताना दोन्ही नावं टाका. जपानमध्ये सापडलेल्या रिळांतले तुकडे परत जोडलेली प्रत मिळाली तर तीच घ्या, शेवट त्यात पूर्ण दिसतो.

या शनिवारी रंगाची सेटिंग परत तपासा. व्हॅम्पायर आता रंगीत झालाय आणि सिनेमाचं सगळं वजन लाल रंगावर आहे. ‘व्हिविड’ मोडमध्ये हे रक्त केशरी दिसतं आणि लोक हसतात. नावं चालू असतानाच शवपेटीवरच्या नावाच्या पाटीवर रक्ताचे थेंब पडतात. तिथे चित्र थांबवा आणि लाल रंग कुंकवासारखा गडद दिसेपर्यंत ‘कलर’चा आकडा खाली आणा.

ड्रॅक्युला झालेला ख्रिस्तोफर ली जिन्याच्या माथ्यावर काळी आकृती म्हणून उभा राहतो, आणि पाहणारा दचकायची तयारी करत असताना झपझप खाली येऊन अगदी सभ्यपणे बोलतो. थोड्याच वेळात ग्रंथालयाचं दार धाडकन उघडतं: लालबुंद डोळे, ओठांवर रक्त, सुळे. हे सुळे पडद्यावर पहिल्यांदाच आले असं सर्रास लिहिलं जातं, ते खरं नाही. १९५३ सालच्या तुर्की ‘ड्रॅकुला इस्तंबूलदा’मध्ये आणि १९५७ सालच्या मेक्सिकन ‘एल व्हॅम्पिरो’मध्ये ते आधीच होते. लीने ते जगभर नेले. सुरुवातीच्या प्रसंगांनंतर तो एक शब्द बोलत नाही, सगळं अंगाने करतो.

चाव्याच्या रकान्यात इथे मोठी नोंद होते. ल्युसी गळ्यातला क्रूस काढते, खिडकी उघडी ठेवते आणि वाट पाहते. १९३१ मध्ये तो संमोहन करी, इथे त्याची प्रतीक्षा होते. ब्रिटनमध्ये १९५१ पासून प्रौढांसाठी ‘एक्स’ प्रमाणपत्र सुरू झालं होतं, म्हणून एवढं दाखवता आलं. मृत्यूही आता समोर होतो: व्हॅम्पायरचा शिकारी झालेला पीटर कुशिंग टेबलावरून धावत जाऊन पडदे ओढतो, दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रूस करतो, आणि उन्हाच्या पट्ट्यात ड्रॅक्युलाची राख होते. मागे उरते अंगठी. वटवाघूळ आणि लांडगा होणं मात्र या सिनेमाने रद्दच केलंय. त्या गोष्टी म्हणजे लोकांचा गैरसमज, असं पात्राच्या तोंडी घालून खर्च वाचवलाय, आणि सिनेमा त्यामुळे सुधारलाय.

चौथा शनिवार: १९९२

मधली वर्षं कमी नाहीत, पण एका संध्याकाळी एकच सिनेमा ठेवा. दोन लावले तर दुसऱ्याच्या नोंदी कुणी करत नाही. ज्यांना आठवड्यात वेळ आहे त्यांनी कॅथरीन बिगेलोचा १९८७ सालचा ‘नियर डार्क’ घरी पाहावा. त्यात टोळी करून गाडीतून फिरणारे व्हॅम्पायर आहेत, आणि ‘व्हॅम्पायर’ हा शब्द एकदाही येत नाही.

शनिवारी कोपोलाचा ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’. संगणकाचा जमाना सुरू होत असताना कोपोलाने हट्टाने जुन्या युक्त्या वापरल्या: दुहेरी चित्रण, उलटी फिल्म, छोट्या प्रतिकृती. किल्ल्यात ड्रॅक्युलाची सावली त्याच्यापेक्षा वेगळीच हालचाल करते, तिथे थांबा आणि लगेच १९२२ मधली जिन्यावरची सावली लावा. दोन्ही तुकडे मिळून दोन मिनिटंही लागत नाहीत, पण सत्तर वर्षांचा धागा हाताला लागतो. एइको इशिओका यांच्या वेशभूषेला ऑस्कर मिळालं. लाल झग्याचा लांबच लांब घोळ पाहिला की लुगोसीची काळी कॉलर मुद्दाम टाळलीय हे कळतं. आणि ‘बंदी’च्या रकान्यात: हा दिवसा लंडनमध्ये फिरतो. ऊन परत कादंबरीसारखं झालंय.

पाचवा शनिवार: २००८

या एका वर्षी दोन टोकांचे सिनेमे आले. ‘ट्वायलाइट’मधला व्हॅम्पायर उन्हात चकाकतो आणि त्याला सुळे नाहीत. त्यावर ‘मूळ नियम मोडला’ म्हणून पुष्कळ आरडाओरड झाली. आता पहिल्या शनिवारचं पान उघडा: उन्हाने मरणं मूळ कादंबरीत नव्हतंच. आवडनिवड वेगळी, पण हा आक्षेप टिकत नाही. याचा अंग चकाकणारा प्रसंग तेवढा दाखवला तरी पुरे.

पूर्ण पाहायचा तो स्वीडिश ‘लेट द राइट वन इन’. इथे सबटायटल्स तपासा. अमेरिकेतल्या पहिल्या डिस्कवर संवाद कापून सपाट केलेली सबटायटल्स होती, तक्रारी झाल्यावर थिएटरमधली परत आणली. यादीत ‘थिएट्रिकल’ लिहिलेलं असेल तर तेच निवडा.

यातला एक प्रसंग मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा. एली ही व्हॅम्पायर मुलगी दाराशी उभी आहे, घरातला मुलगा तिला ‘आत ये’ म्हणत नाही. ती तशीच आत येते आणि काही क्षणांत तिच्या डोळ्यांतून, कानांतून रक्त पाझरायला लागतं. आमंत्रणाशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही हा नियम जुना, पण ओलांडल्यावर होतं काय, हे इथे अंगावर दिसतं. संध्याकाळी उंबरठ्यावर बसू नये, निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणावं, अशा घरांत वाढलेल्या माणसांना हा प्रसंग आतपर्यंत भिडतो. इथे चर्चेला पंधरा मिनिटं जास्त ठेवा.

वेताळाचं काय करायचं

हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणताना वेताळाला सरळ ‘व्हॅम्पायर’ केलं, तिथून घोळ सुरू झाला. वेताळपंचविशीतला वेताळ प्रेतात राहतो, झाडाला लटकतो, कोडी घालतो. रक्त पिणं हा त्याचा धंदा नव्हे. आरवलीचा वेतोबा तर राखणदार देव, त्याला भक्त मोठाल्या चपला वाहतात. म्हणून हा धागा व्हॅम्पायरच्या रांगेत न घालता वेगळ्या पानावर लिहा: लाहोरचा ‘जिंदा लाश’ (१९६७), ज्यात हॅमरची छाप स्वच्छ दिसते, रामसे बंधूंचा ‘बंद दरवाजा’ (१९९०), आणि आदित्य सरपोतदारचा ‘थामा’ (२०२५), ज्यात बेताळ आणि व्हॅम्पायर एकत्र आणलेत. याच दिग्दर्शकाने २०२२ मध्ये ‘झोंबिवली’ करून झोंबी थेट डोंबिवलीत आणले होते, त्यामुळे ठाणे जिल्ह्यात ही चर्चा रंगते.

हे सगळं सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये करण्याचा मोह होईल. ओटीटीचं सभासदत्व घरगुती वापरापुरतं असतं. तिकीट नसलं तरी सोसायटीसाठी लावलेला खेळ जाहीर ठरतो आणि हक्कधारकाची परवानगी लागते. घरातच ठेवा. मुलांना पहिले दोन शनिवार चालतील, पुढचे मोठ्यांचे.

सहावा शनिवार: २०२४

रॉबर्ट एगर्सचा ‘नोस्फेराटू’. काळं कापड खरं कसाला लागतं ते इथे. बराच भाग मेणबत्तीच्या उजेडातला आहे, फटीतून उजेड आला तर पडदा करडा दिसतो आणि लोक ब्राइटनेस वाढवतात. वाढवू नका, फट बुजवा. ऑरलॉकला आता भरघोस मिशी आहे. कादंबरीतल्या ड्रॅक्युलालाही मिशी होती, सिनेमाने ती बहुतेक वेळा काढून टाकली. आणि तो मानेला न चावता छातीला चावतो, पूर्व युरोपातल्या लोककथांकडे जात.

सिनेमा संपल्यावर दिवे लगेच लावू नका. तीन अंत पाठोपाठ लावा: १९२२, १९५८, २०२४. त्यासाठी दर शनिवारी अंत कोणत्या मिनिटाला सुरू झाला ते वहीच्या समासात टिपून ठेवलेलं असावं, नाहीतर शोधण्यात अर्धा तास जातो. तिन्हींत पहाट किंवा ऊनच मारतं. पहिला धुरासारखा विरतो, अंग मागे उरतच नाही. दुसऱ्याची राख वाऱ्यावर जाते. तिसऱ्याचं पूर्ण शरीर पलंगावर तसंच पडून राहतं, सुकलेलं, जड, नायिकेच्या अंगावर.